लुकअप टेबलमधून चुकीची किंमत किंवा मधेच रीसेट: पिक, ८०५१ आणि एव्हीआरसाठी निदान

लुकअप टेबल म्हणजे इंडेक्स (नोंदीचा क्रमांक) दिला की ठरलेली किंमत परत देणारी, प्रोग्राममध्येच लिहिलेली यादी. पिक, ८०५१ आणि एव्हीआर या मायक्रोकंट्रोलरांच्या असेम्ब्ली कोडमध्ये ती बिघडली की लक्षणं बहुतेक वेळा अशी असतात. सेव्हन सेगमेंट डिस्प्लेवर ० ते ६ नीट दिसतात, ७ आला की प्रोग्राम पहिल्यापासून सुरू होतो. किंवा कालपर्यंत चालणारा कोड एक सबरूटीन वाढवल्याबरोबर बिघडतो आणि ती काढली की पुन्हा सुरळीत होतो. किंवा कुठलाही इंडेक्स दिला तरी एकच किंमत येते. किंवा तासभर सगळं ठीक चालतं आणि मग कंट्रोलर भरकटतो.

अशा वेळी आधी टेबलमधल्या किमती तपासल्या जातात, मग सप्लाय, मग सोल्डरिंग. त्यात वेळ घालवू नका. टेबलला हात न लावता, कोड पुढे-मागे सरकल्यामुळे दोष येत-जात असेल तर तो डेटात नाही, पत्त्यात आहे. आधी लिस्टिंग फाइल (असेम्ब्लरने बनवलेली, प्रत्येक ओळीचा पत्ता दाखवणारी) उघडा.

खाली पत्ते आणि टेबलमधल्या किमती हेक्समध्ये आहेत, मोजणीचे आकडे नेहमीचे. सर्वांत जास्त घोळ मिड-रेंज पिकवर होतो (१६एफ८४ए, १६एफ६२८ए, १६एफ८७७ए वगैरे), म्हणून आधी तेच.

पिक मिड-रेंज: बिघाड नेमका कुठे होतो

या चिपमध्ये प्रोग्राम काउंटर (पुढची इन्स्ट्रक्शन कुठल्या पत्त्यावरून घ्यायची ते धरणारा) १३ बिटांचा आहे. त्यातले खालचे ८ बिट पीसीएल या रजिस्टरमधून वाचता-लिहिता येतात. वरचे ५ बिट थेट हाताशी येत नाहीत. पीसीएलमध्ये काहीही लिहिलं की त्या क्षणी पीसीलॅथ या दुसऱ्या रजिस्टरमध्ये जे असेल ते वरच्या ५ बिटांत जाऊन बसतं. यातून दोन गोष्टी निघतात. ‘ॲडडब्ल्यूएफ पीसीएल, एफ’ (डब्ल्यू या कामाच्या रजिस्टरमधला इंडेक्स पीसीएलमध्ये मिळवणं) ही बेरीज फक्त ८ बिटांची आहे, तिचा कॅरी वर जात नाही. आणि कोड पुढच्या पत्त्यावर गेला म्हणून पीसीलॅथ आपोआप बदलत नाही, ते शेवटचं तुम्ही जे लिहिलं तेच धरून बसतं. रीसेटनंतर ते ० असतं.

म्हणूनच छोट्या प्रोग्राममध्ये सगळं चालतं. टेबल पहिल्या २५६ शब्दांत असतं, पीसीलॅथ ० असतं, आणि त्याचा विचार न करताही उत्तर बरोबर येतं. कोड वाढला की टेबल ढकललं जातं आणि एके दिवशी सीमेवर येऊन बसतं.

एक उदाहरण बारकाईने बघू. कॉमन कॅथोड डिस्प्लेचं नेहमीचं टेबल: ३एफ, ०६, ५बी, ४एफ, ६६, ६डी, ७डी, ०७, ७एफ, ६एफ. समजा लिस्टिंगमध्ये ‘ॲडडब्ल्यूएफ पीसीएल, एफ’ ००एफ८ वर आहे. ती इन्स्ट्रक्शन चालते तेव्हा काउंटर आधीच एकाने पुढे सरकलेला असतो, म्हणून इंडेक्स ० ला ००एफ९ वरची पहिली ‘रेटएलडब्ल्यू’ (किंमत डब्ल्यूमध्ये ठेवून परतणारी इन्स्ट्रक्शन) मिळते. इंडेक्स ६ ला ००एफएफ. इथपर्यंत ठीक. इंडेक्स ७ ला बेरीज १०० होते, पीसीएलमध्ये ०० उरतं, पीसीलॅथ ० आहे, म्हणून उडी थेट ०००० वर. तिथे रीसेट व्हेक्टरचं (रीसेटनंतर चिप जिथून सुरू होते त्या जागेचं) ‘गोटो’ असतं आणि प्रोग्राम नव्याने सुरू झाल्यासारखा दिसतो.

८ आणि ९ चं वागणं आणखी गमतीचं आहे. ८ ला उडी ०००१ वर जाते. ०००१ ते ०००३ रिकामे असतील तर तिथे पुसलेल्या फ्लॅशचं ३एफएफएफ असतं, आणि मिड-रेंजवर ३एफएफएफ म्हणजे ‘ॲडएलडब्ल्यू एफएफ’, म्हणजे डब्ल्यूमधून १ वजा. तीनदा वजा होऊन ८ चे ५ होतात, मग कंट्रोल ०००४ वरच्या इंटरप्ट रूटीनमध्ये घुसतो. कुठलाही फ्लॅग उभा नसेल तर रूटीन डब्ल्यू साठवून परत भरतं आणि ‘रेटफाय’ने (इंटरप्टमधून परतण्याच्या इन्स्ट्रक्शनने) कॉल केलेल्या जागी सुखरूप परततं. डिस्प्लेवर ०५ जातं, म्हणजे फक्त ए आणि सी सेगमेंट. ९ ला उडी ०००२ वर, दोनदा वजाबाकी, उरतात ७. पोर्टवर ०७ जातं आणि डिस्प्लेवर चक्क ‘७’ हा अंक दिसतो. बघणाऱ्याला वाटतं टेबलात ९ च्या जागी ७ ची किंमत टाइप झाली. शिवाय ‘रेटफाय’मुळे जीआयई (सगळे इंटरप्ट चालू-बंद करणारा) बिट १ झालेला असतो, म्हणजे तुम्ही इंटरप्ट बंद ठेवले असले तरी ते आता चालू.

इंडेक्स ७ चा तो ‘रीसेट’ खरा नसतो, हे ओळखणंही सोपं आहे. सुरुवातीलाच स्टेटसमधला टीओ बिट बघा: वॉचडॉगने रीसेट झाला असेल तर तो ० असतो. पीसीऑन रजिस्टर असलेल्या चिपवर पीओआर आणि बीओआर बिट एकदा १ करून ठेवा. सप्लाय गेला किंवा खाली आला तर संबंधित बिट ० होईल, नुसती ०००० वर उडी पडली तर दोन्ही १ राहतील. एमसीएलआर या रीसेटच्या पिनमुळे झालेल्या रीसेटमध्येही ते १ राहतात, म्हणून ती पिन पुल-अपने घट्ट वर आहे एवढं पाहून घ्या. हे सगळं जुळलं तर दोष कोडमध्ये आहे. सप्लायला कपॅसिटर वाढवून तो जाणार नाही.

लिस्टिंगमध्ये काय बघायचं

टेबलच्या पहिल्या आणि शेवटच्या ‘रेटएलडब्ल्यू’चे पत्ते लिहून घ्या. वरचा भाग दोन्हींत सारखा आहे का? नसेल तर टेबल २५६ शब्दांची सीमा ओलांडतंय. सारखा आहे पण ०० नाही? मग ‘ॲडडब्ल्यूएफ’च्या आधी पीसीलॅथमध्ये तो भाग भरलेला हवा. टेबल ०३२० वर असेल आणि पीसीलॅथ ० राहिलं तर उडी ००२० च्या आसपास कुठल्यातरी असंबद्ध कोडमध्ये पडते.

पीसीलॅथ भरताना दोन चुका नेहमी दिसतात. पहिली: इंडेक्स डब्ल्यूमध्ये आहे आणि त्याच डब्ल्यूमध्ये ‘मूव्हएलडब्ल्यू हाय टेबल’ (टेबलच्या पत्त्याचा वरचा भाग भरणं) केलं जातं. इंडेक्स पुसला गेला. पुढे बेरीज होते ती टेबलच्या वरच्या पत्त्याची, म्हणून कुठलाही अंक द्या, एकच किंमत. हे लक्षण दिसलं की दुसरं काही शोधू नका. दुसरी: हाय घेतलं जातं ते सबरूटीनच्या नावाचं, टेबलच्या पहिल्या ओळीचं नाही. सबरूटीन ०१एफडी वर सुरू होऊन पहिली ‘रेटएलडब्ल्यू’ ०२०० वर आली की पीसीलॅथ एकाने कमी पडतं. लेबल नेहमी पहिल्या ‘रेटएलडब्ल्यू’ला द्या आणि हाय त्याचंच घ्या.

कायमचा उपाय

ऑर्ग (पत्ता ठरवून देणारी असेम्ब्लरची सूचना) लावून टेबल ठरावीक जागी बसवणं हा उपाय सगळे सुचवतात. चालतो, पण दर वेळी कोड वाढला की जागेची मारामारी सुरू होते. त्यापेक्षा पूर्ण पत्ता मोजणारं रूटीन एकदाच लिहा आणि टेबल कुठेही पडू द्या:

लुकअप:
  मूव्हडब्ल्यूएफ इंडेक्स
  मूव्हएलडब्ल्यू लो टेबल
  ॲडडब्ल्यूएफ इंडेक्स, एफ
  मूव्हएलडब्ल्यू हाय टेबल
  बीटीएफएससी स्टेटस, सी
  ॲडएलडब्ल्यू १
  मूव्हडब्ल्यूएफ पीसीलॅथ
  मूव्हएफ इंडेक्स, डब्ल्यू
  मूव्हडब्ल्यूएफ पीसीएल
टेबल:
  रेटएलडब्ल्यू ३एफ
  रेटएलडब्ल्यू ०६
  (पुढच्या ओळी याच क्रमाने)

इथे शेवटी बेरीज नाही, पीसीएलमध्ये थेट लिहिणं आहे. बेरीज आधीच रॅममध्ये झाली, तिचा कॅरी ‘बीटीएफएससी’ने पकडून वरच्या भागात घातला. मधली ‘मूव्हएलडब्ल्यू’ फ्लॅगना हात लावत नाही, म्हणून हा क्रम चालतो. तिच्या जागी ‘मूव्हएफ’ आणलीत तरी ती फक्त झेड बदलते, पण कॅरी आणि त्याची तपासणी यांच्या मध्ये कुठलीही बेरीज-वजाबाकी किंवा रोटेट घुसवू नका. इंडेक्स या व्हेरिएबलची किंमत रूटीनमध्ये बदलते, हेही लक्षात असू द्या. ते १६एफ६२८ए किंवा १६एफ८७७ए वर ७० ते ७एफ या पत्त्यांत ठेवा, म्हणजे बँक कुठलीही असली तरी तेच मिळेल. पीसीएल, पीसीलॅथ आणि स्टेटस सगळ्या बँकांत असतात, त्यांची चिंता नाही.

वेळेचा हिशेब: कॉल आणि रेटएलडब्ल्यू धरून छोट्या पद्धतीला (नुसती ‘ॲडडब्ल्यूएफ पीसीएल, एफ’) ६ सायकल लागतात, या पद्धतीला १४. ४ मेगाहर्ट्झ क्रिस्टलवर ६ आणि १४ मायक्रोसेकंद. कॅरी आला काय, न आला काय, १४ च लागतात, त्यामुळे टायमिंग डगमगत नाही. खरोखर ८ मायक्रोसेकंद महाग पडत असतील तरच छोटी पद्धत ठेवा, आणि मग असेम्ब्लरलाच पहाऱ्यावर बसवा:

  इफ (हाय टेबल) != (हाय टेबलअंत)
    एरर "टेबल सीमा ओलांडतंय"
  एन्डिफ

टेबलअंत हे लेबल शेवटच्या ‘रेटएलडब्ल्यू’वरच हवं, तिच्या पुढच्या ओळीवर नाही. नाहीतर टेबल बरोबर एफएफ वर संपलं तरी खोटी तक्रार येईल. ही युक्ती ऑर्ग वापरणाऱ्या, ॲब्सोल्यूट पद्धतीच्या कोडमध्ये चालते. लिंकर वापरत असाल तर असेम्बल करताना पत्ते ठरलेलेच नसतात, तिथे वरचं पूर्ण रूटीन हाच सरळ मार्ग.

जुना कोड नव्या पिक-एएस असेम्ब्लरवर नेताना आणखी एक गोष्ट नडते. मिड-रेंजसाठी पीसेक्टच्या (कोडचा विभाग जाहीर करणाऱ्या) ओळीत ‘डेल्टा=२’ लिहिलेलं नसेल तर लिंकरचा पत्त्यांचा हिशेब चुकतो आणि टेबल भलत्याच जागी पडतं.

टेबल बरोबर, पण नंतरचा कोड भरकटतो

टेबलमधून परत येताना ‘रेटएलडब्ल्यू’ स्टॅकमधून पूर्ण १३ बिट उचलते, त्यामुळे परतीचा पत्ता नेहमी बरोबर. पण पीसीलॅथ मात्र तुम्ही टेबलसाठी जे भरलं तेच राहतं. पुढच्या ‘कॉल’ आणि ‘गोटो’मध्ये ११ बिट इन्स्ट्रक्शनमधून येतात आणि वरचे दोन बिट पीसीलॅथच्या बिट ४ व ३ मधून. १६एफ६२८ए वर एकूण फ्लॅशच २०४८ शब्दांचा, तिथे हे जाणवत नाही. १६एफ८७७ए वर ८१९२ शब्द, म्हणजे २०४८ शब्दांची चार पेजेस आहेत. टेबल १बी२० वर असेल तर पीसीलॅथमध्ये १बी राहतं, दोन्ही बिट १, आणि पहिल्या पेजमधला तुमचा पुढचा ‘गोटो’ थेट चौथ्या पेजमध्ये जातो. म्हणून लुकअप कॉल करून परत आल्यावर ‘पेजसेल’ने (पीसीलॅथचे पेजचे बिट भरणारी असेम्ब्लरची सूचना) किंवा हाताने पीसीलॅथ पूर्ववत करा. लुकअपचं रूटीनच दुसऱ्या पेजमध्ये असेल तर कॉलच्या आधीही.

(२५६ शब्दांच्या सीमेलाही काही जण पेज म्हणतात आणि २०४८ लाही. कुणाशी चर्चा करताना आधी आकडा विचारा, अर्धे वाद तिथेच मिटतात.)

तासाने एकदा बिघडणारा प्रोग्राम

हे जवळपास नेहमी इंटरप्टचं काम. पीसीलॅथ भरल्यावर आणि पीसीएलमध्ये लिहिण्याआधी इंटरप्ट आला, त्याच्या रूटीनने पीसीलॅथ बदललं आणि परत भरलं नाही, की परतल्यावर उडी चुकीची. ही खिडकी एक-दोन सायकलची असते, म्हणून दोष क्वचित दिसतो आणि सिम्युलेटरवर सापडत नाही.

मिड-रेंजमध्ये हार्डवेअर फक्त परतीचा पत्ता साठवतं. डब्ल्यू, स्टेटस आणि पीसीलॅथ तिन्ही तुम्हीच साठवायचे, याच क्रमाने. साठवून झाल्यावर ‘सीएलआरएफ पीसीलॅथ’, मगच रूटीनमधला पहिला ‘गोटो’ किंवा ‘कॉल’. ०००४ वर सरळ ‘गोटो आयएसआर’ लिहिलेला कोड ८७७ए वर धोक्याचाच, कारण त्या क्षणी पीसीलॅथमध्ये टेबलचं १बी असू शकतं. परत भरताना पीसीलॅथ आधी, स्टेटस नंतर, डब्ल्यू शेवटी दोन ‘स्वॉपएफ’नी. उलट केलं तर पीसीलॅथ भरताना वापरलेली ‘मूव्हएफ’ झेड फ्लॅग बिघडवते.

डिस्प्लेचं मल्टिप्लेक्सिंग टायमर इंटरप्टमध्ये आणि मुख्य प्रोग्रामही तेच लुकअप वापरतोय, अशी रचना असेल तर साठवणूक अचूक असूनही घोळ होईल, कारण इंडेक्स व्हेरिएबल दोघांचं एकच आहे. इंटरप्टसाठी वेगळं व्हेरिएबल आणि वेगळं रूटीन घ्या, किंवा सगळे नमुने मुख्य प्रोग्राममध्येच काढून रॅममध्ये ठेवा आणि इंटरप्टने फक्त ते उचलावेत. दुसरा मार्ग जास्त चांगला. त्यात स्टॅकही वाचतो, आणि मिड-रेंजला स्टॅक ८ पातळ्यांचाच आहे, भरला तरी तो कुठलाही इशारा न देता जुनी नोंद पुसतो.

इंडेक्स हद्दीबाहेर

दहा नोंदींच्या टेबलला १२ दिलं तर काउंटर टेबलच्या पलीकडच्या कोडमध्ये जातो. बीसीडी अंक काढताना वरचा निबल (वरचे ४ बिट) पुसायला विसरणं हे नेहमीचं कारण. ‘अँडएलडब्ल्यू ०एफ’ लावा आणि टेबल १६ नोंदींचं करा. उरलेल्या सहा जागी ४० भरा, म्हणजे फक्त मधला जी सेगमेंट लागेल आणि चूक डोळ्यांना दिसेल. ०० भरलंत तर डिस्प्ले कोरा राहतो आणि तुम्ही वायरिंग तपासत बसता.

दुसरे पिक

बेसलाइन पिकवर (१२एफ५०८, १६एफ५४) पीसीएल बदलणारी प्रत्येक इन्स्ट्रक्शन, आणि ‘कॉल’सुद्धा, पत्त्याचा बिट ८ शून्य करते. तिथे टेबल आणि लुकअप रूटीन दोन्ही पेजच्या पहिल्या २५६ शब्दांतच हवेत, पर्याय नाही. स्टॅक दोनच पातळ्यांचा.

एन्हान्स्ड मिड-रेंज चिप (१६एफ१८२७ सारख्या) हाताशी असेल तर ‘बीआरडब्ल्यू’ वापरा. ती पूर्ण काउंटरमध्ये डब्ल्यू मिळवते, सीमेचा प्रश्नच उरत नाही, आणि इंटरप्टमध्ये पीसीलॅथसकट महत्त्वाची रजिस्टरं हार्डवेअरच साठवतं.

पिक१८ वर फ्लॅशचे पत्ते बाइटचे आहेत, त्यामुळे ‘रेटएलडब्ल्यू’च्या टेबलला इंडेक्स दुप्पट करावा लागतो. न केल्यास नोंदी अर्ध्या वेगाने सरकतात: ० आणि १ ला पहिलीच नोंद, २ आणि ३ ला दुसरी. त्या वाटेला जाऊच नका, फ्लॅशमधून थेट वाचणारी ‘टीबीएलआरडी’ आहे. तिथे चूक होते ती टीबीएलपीटीआरयू (तिच्या तीन भागांच्या पत्त्याचा सर्वांत वरचा भाग) भरायला विसरल्याने. रीसेटनंतर ते ० असतं म्हणून चालून जातं, पण बूटलोडरने कॉन्फिगरेशन वाचून त्यात ३० ठेवलं असेल तर तुम्हाला टेबलऐवजी कॉन्फिगरेशन बाइट मिळतात. तिन्ही भाग दर वेळी भरा. ‘डीबी’च्या (टेबलचे बाइट भरणाऱ्या) एका ओळीत विषम संख्येने बाइट असतील तर एमपीएएसएम हा असेम्ब्लर शेवटी ०० चिकटवतो, आणि पुढच्या ओळीपासून सगळं एकाने सरकतं.

८०५१

इथे ‘मूव्हसी ए, @ए+डीपीटीआर’ची (डीपीटीआर म्हणजे टेबलचा पत्ता धरणारं रजिस्टर) बेरीज १६ बिटांची आहे, सीमेचं दुखणं नाही. वेगळ्या चुका आहेत. ‘मूव्हसी’ऐवजी ‘मूव्हएक्स’ टाइप झालं की फ्लॅशऐवजी बाहेरच्या रॅममधून वाचन होतं, आणि ती रॅम जोडलेलीच नसेल तर काहीही येतं.

‘मूव्हसी ए, @ए+पीसी’ वापरताना पीसी पुढच्या इन्स्ट्रक्शनवर असतो. मध्ये एक बाइटचं ‘रेट’ आणि मग टेबल असेल तर आधी ‘आयएनसी ए’ हवं. विसरलात तर खूण स्पष्ट आहे: इंडेक्स ० ला २२ मिळतं, कारण ‘रेट’चा ऑपकोडच २२ आहे, आणि बाकी सगळ्या नोंदी एकाने मागे. या पद्धतीत टेबल २५५ नोंदींपुरतं, कारण २५५ वर ‘आयएनसी’ केलं की शून्य.

उड्यांच्या टेबलसाठी ‘जेएमपी @ए+डीपीटीआर’ घेताना इंडेक्सला ‘एजेएमपी’ असेल तर २ ने आणि ‘एलजेएमपी’ असेल तर ३ ने गुणा. ए ८ बिटांचा असल्याने पहिल्या प्रकारात १२८ नोंदी मावतात, दुसऱ्यात ८६. ‘आरएल ए’ने दुप्पट करताना इंडेक्स १२७ च्या वर गेला तर वरचा बिट खाली येतो, पत्ता विषम होतो आणि उडी इन्स्ट्रक्शनच्या मध्यात पडते. इंटरप्टमध्येही टेबल वापरत असाल तर डीपीएच आणि डीपीएल (डीपीटीआरचे वरचा व खालचा भाग) पुश-पॉप करा.

एव्हीआर

फ्लॅश शब्दांत मोजला जातो, फ्लॅशमधून वाचणारी ‘एलपीएम’ मात्र झेडमध्ये (झेडएच आणि झेडएल या रजिस्टरांची जोडी) बाइटचा पत्ता मागते. ॲटमेलच्या असेम्ब्लरमध्ये म्हणून ‘टेबल*२’ लिहावं लागतं. जीएनयू असेम्ब्लरमध्ये लेबल आधीच बाइटमध्ये असतं, तिथे दुप्पट केलं की चुकलं. कोड एका असेम्ब्लरवरून दुसऱ्यावर नेल्यावर टेबल बिघडलं तर पहिलं हेच बघा.

इंडेक्स मिळवताना ‘ॲड’ झेडएलमध्ये आणि लगेच ‘एडीसी’ झेडएचमध्ये, शून्य असलेल्या रजिस्टरसह. ‘एडीसी’ राहिलं तर पिकसारखाच आजार: टेबलचा पुढचा भाग २५६ बाइट मागून वाचला जातो. ‘एलपीएम’ऐवजी ‘एलडी’ लिहिलं तर रॅममधून वाचन होतं. अपवाद नव्या चिपचा: टायनीएव्हीआर ० आणि १ मालिकेत फ्लॅश डेटाच्या जागेत ८००० पासून दिसतो, ॲटमेगा४८०९ मध्ये ४००० पासून, तिथे तेवढं मिळवून ‘एलडी’ चालतं. ॲटमेगा१२८ वर टेबल पहिल्या ६४ किलोबाइटच्या पलीकडे असेल तर ‘ईएलपीएम’ घ्या आणि रॅम्पझेडमध्ये (पत्त्याचा झेडच्या वरचा भाग धरणाऱ्या रजिस्टरमध्ये) १ ठेवा. विषम बाइटच्या ‘.डीबी’ ओळीला इथेही शून्य चिकटतं. ॲटमेलचा असेम्ब्लर त्याची वॉर्निंग देतो, ती वाचा.

दुरुस्तीनंतरची चाचणी

टेबल सोयीच्या जागी असताना केलेली चाचणी काही सिद्ध करत नाही. ते मुद्दाम सीमेवर बसवा. वरचं पिकचं लुकअप रूटीन ९ शब्दांचं आहे, ते ऑर्ग ०२एफ४ वर ठेवलं की टेबल ०२एफडी पासून सुरू होतं आणि चौथी नोंद ०३०० वर जाते. सिम्युलेटरमध्ये ० पासून शेवटच्या नोंदीपर्यंत सगळे इंडेक्स एका लूपमधून द्या, आलेल्या किमती रॅममध्ये ओळीने साठवा आणि टेबलशी ताडून बघा. लूपमध्ये लुकअपनंतर वेगळ्या पेजमधल्या एखाद्या सबरूटीनला कॉलही टाका, म्हणजे उरलेलं पीसीलॅथही पकडलं जाईल. ०००० वर ब्रेकपॉइंट ठेवा. सुरुवातीनंतर तो एकदाही लागला तर लुकअप अजून दुरुस्त झालेलं नाही.